छोट्या शाळेचा अभ्यासक्रम कसा बसवायचा : पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मे महिन्यात मुख्याध्यापक बोलावतात आणि सांगतात, यंदा तिसरीचं नियोजन तुम्ही करा, आणि हातात मागच्या वर्षीची फाईल देतात. फाईल उघडली की आत काय, तर पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका, तिच्यासमोर महिने आणि महिन्यांसमोर तासिका. बहुतेक नवीन शिक्षक तारखा बदलून तेच परत टाईप करतात कारण दुसरं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. आम्ही आमच्या शाळेत (मराठी माध्यम, पहिली ते पाचवी, तालुक्याचं गाव) हे काम एकत्र बसून मुळापासून केलं, त्यातून जे हाती लागलं ते क्रमाने लिहितोय. डीएड-बीएडला हे सगळं शिकवतात हो, पण तिथे व्याख्या पाठ होतात आणि कोऱ्या कागदावर पहिली ओळ कुठली लिहायची ते राहूनच जातं.

ती पहिली ओळ धड्याची नसते. वर्ष संपताना मुलाला काय करता यायला हवं, ही पहिली ओळ. ते करता येतंय हे आपल्याला कशावरून कळेल, ही दुसरी. धडे, उपक्रम, पुस्तकं सगळं तिसरं. राल्फ टायलर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४९ मध्ये अभ्यासक्रमाचे चार प्रश्न मांडले होते : कशासाठी शिकवायचं, त्यासाठी मुलांना कुठले अनुभव द्यायचे, ते अनुभव कुठल्या क्रमाने लावायचे, आणि झालं की नाही ते कसं तपासायचं. आजही हेच चार खांब आहेत, मी फक्त चौथा प्रश्न उचलून दुसऱ्या नंबरवर आणतो, का ते पुढे येईलच.

आधी हे समजून घ्या : तुमच्या हातात किती आहे

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २९ प्रमाणे पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत ठरवायचा अधिकार राज्याने नेमलेल्या शैक्षणिक प्राधिकरणाचा असतो, आपल्याकडे ते म्हणजे पुण्याची एससीईआरटी (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद). म्हणजे राज्य मंडळाची शाळा असेल तर विषय, इयत्तेच्या अध्ययन निष्पत्ती (त्या इयत्तेअखेर मुलाला काय करता यायला हवं ते) आणि बालभारतीची पुस्तकं ठरलेली आहेत, ती आपण बदलू शकत नाही. पण त्याच कलमात असंही लिहिलंय की शिकणं कृतीतून व्हावं, शक्य तितकं मुलाच्या मातृभाषेतून व्हावं आणि मूल भीती-दडपणाशिवाय शिकावं. हे कसं करायचं ते मात्र शाळेने ठरवायचंय. क्रम, वेळ, अनुभव, साहित्य, रोजच्या नोंदी हे सगळं आपलं. जागा भरपूर आहे, आपण ती वापरत नाही.

काय काय जवळ ठेवायचं

- राज्य अभ्यासक्रम आराखडा, पायाभूत स्तराचा (बालवाडी ते दुसरी) आणि शालेय शिक्षणाचा. जमलं तर राष्ट्रीय आराखडेही (पायाभूत स्तराचा २०२२ चा, शालेय शिक्षणाचा २०२३ चा), पण सगळे वाचत बसू नका, तुमच्या स्तराची आणि विषयाची प्रकरणं पुरे
- तुमच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींची यादी
- बालभारतीची पुस्तकं : तुमची इयत्ता, एक खालची, एक वरची. पीडीएफ फुकट मिळतात. पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलतायत त्यामुळे चालू वर्षाचीच घ्या, कोणाच्या पेनड्राईव्हमधली जुनी नको
- जिल्ह्याची सुट्ट्यांची यादी आणि शाळेचं स्वतःचं वार्षिक कॅलेंडर
- मागच्या वर्षाच्या वर्णनात्मक नोंदी, आणि त्या वर्गाला शिकवलेल्या बाईंशी किंवा सरांशी तासभर गप्पा. नोंदवहीत जे नसतं ते या गप्पांत मिळतं
- एक मोठा कार्डशीट, रंगीत चिठ्ठ्या, आणि शेवटी टाईप करायला एक्सेल. सुरुवात एक्सेलवर करू नका, चौकटी दिसल्या की माणूस त्या भरत सुटतो

१. मुलं कोण आहेत ते लिहून काढा

ही पायरी सगळे गाळतात. एक पान घ्या आणि लिहा : वर्गात मुलं किती, घरी कुठली भाषा बोलतात, वाचता किती जणांना येतं, आईवडील काय काम करतात, वर्षाच्या मध्ये कोणाला गाव सोडावं लागतं.

भाषेचं बघा. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी, धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी, खानदेशात अहिराणी. पुस्तकातली मराठी या मुलांना परकी वाटते. तिथे पहिल्या महिन्याचा अभ्यासक्रम म्हणजे गप्पा, गाणी, घरच्या भाषेतले शब्द फळ्यावर घेणं हाच असायला हवा, आणि तो लेखी नियोजनात तासिकांसकट दिसला पाहिजे, नाहीतर तपासणीला आलेले केंद्रप्रमुख विचारतात धडा कुठला चालू आहे आणि आपण गडबडतो.

स्थलांतराचं तर फारच महत्त्वाचं. बीडकडची ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जातात ती मार्च-एप्रिलला परततात. काही गावांत हंगामी वसतिगृह असतं, काही मुलं आजीकडे राहतात, पण बरीच जातातच. अशा शाळेत भागाकार जानेवारीत ठेवला तर अर्ध्या वर्गाला तो वर्षभर भेटणारच नाही. ज्याच्यावाचून पुढच्या वर्षी अडेल ते सगळं पहिल्या सत्रात आणा.

बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी कुरणशाळा काढली ती याच विचाराने, गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती म्हणून शाळाच कुरणावर गेली. अभ्यासक्रम मुलाच्या दिवसाकडे बघून ठरतो हे आपल्याकडे इतकं आधी कोणीतरी करून दाखवलंय.

२. वर्षअखेर काय यायला हवं

आता अध्ययन निष्पत्तींची यादी घ्या आणि प्रत्येक ओळ तुमच्या शब्दात परत लिहा. छापील वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते डोक्यात शिरत नाही.

इथला मोठा सापळा म्हणजे "मुलांना समजेल", "जाणीव होईल", "आवड निर्माण होईल" अशी क्रियापदं. समजलं हे दिसत नाही. त्याऐवजी सांगतं, मोजतं, वर्गीकरण करतं, वाचून दाखवतं, नकाशात दाखवतं, कारण देतं असं लिहा. म्हणजे "मुलांना वजन ही संकल्पना समजेल" हे नको. "मूल तराजू वापरून वस्तू तोलतं आणि पाव, अर्धा, पाऊण किलो म्हणजे किती ग्रॅम ते सांगतं" हे हवं. दुसरं वाक्य वाचल्यावर वर्गात उद्या काय करायचं ते आपोआप सुचतं, हीच त्याची परीक्षा.

मग या यादीतून निवडा. एका विषयाच्या निष्पत्तींपैकी पाच-सहा अशा असतात की त्या आल्या नाहीत तर पुढच्या इयत्तेत मूल बुडतं. त्यांच्यावर तारा करा. तिसरीपर्यंत मुलाला अर्थ समजून वाचता आलं पाहिजे आणि पायाभूत गणित आलं पाहिजे हे केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाचं ध्येय आहे, तेव्हा खालच्या वर्गात तारे कुठे पडणार हे उघडच आहे. तारा नसलेलं सोडायचं नाही, पण वेळ कमी पडला तर कुठे आटोपतं घ्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. सगळंच महत्त्वाचं म्हटलं की मार्चमध्ये जे मागे राहतं ते टाकलं जातं, आणि मागे नेमकं अवघडच राहिलेलं असतं.

३. ते आलंय हे कशावरून कळणार

शिकवायचं काय हे ठरवायच्या आधी हे लिहा. कारण धडा शिकवून झाल्यावर प्रश्न काढायला बसलो की आपण धड्यातलेच प्रश्न काढतो, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, आणि मूल धडा पाठ करून पास होतं. आधी ठरवलं की पुरावा काय हवा ते मोकळ्या डोक्याने सुचतं.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात आकारिक (वर्गात रोज चालतं ते) आणि संकलित (सत्राच्या शेवटी होतं ते) यांचं वजन इयत्तेप्रमाणे बदलतं : पहिली-दुसरीला ७० आणि ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला निम्मं निम्मं, सातवी-आठवीला ४० आणि ६०. पाचवी आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा आणि पुनर्परीक्षाही आहे, त्या वर्गांचं नियोजन करताना ते नियम वेगळे बघा.

तिसरीला ६० गुण आकारिकला आहेत म्हणजे केवढी मोकळीक आहे बघा! दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिलेली आहेत. प्रत्यक्षात काय होतं तर सत्राच्या शेवटी बसून सगळ्यांच्या नोंदी एकदम लिहिल्या जातात, "उपक्रमात सहभागी होतो", "अभ्यासात प्रगती चांगली", प्रत्येकाला तेच. यावर उपाय एकच, वर्षाच्या नियोजनातच लिहायचं की या घटकात मी ही एकच गोष्ट बघणार आणि या आठवड्यात या आठ मुलांची बघणार. रोज चाळीस मुलांकडे बघणं कोणालाच शक्य नाही.

तारेवाल्या प्रत्येक निष्पत्तीसमोर एक पुरावा लिहा. एकच. तो कागदावरचा असेलच असं नाही, मुलाने तोंडी सांगितलेलं चालतं, करून दाखवलेलं चालतं.

४. दिवस खरे मोजा

आता हिशोब. कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन हवं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास. नवीन माणूस २०० ला धरून नियोजन करतो आणि तिथेच फसतो.

उदाहरण म्हणून २०० दिवस धरा. त्यातून दोन्ही सत्रांच्या मूल्यमापनाचे दिवस, स्नेहसंमेलनाची तयारी, क्रीडास्पर्धा, सहल, १५ ऑगस्ट-२६ जानेवारीच्या आधीची कवायत, शिक्षकांची प्रशिक्षणं, निवडणुकीची कामं आणि मुसळधार पावसात ओढ्याला पाणी आल्यामुळे बंद राहिलेली शाळा काढा. सहज ३० दिवस जातात. राहिले १७०. त्यातले २० उजळणीला आणि जे मागे राहील त्याला ठेवा. हातात १५०. सहा दिवसांचा आठवडा म्हणजे २५ आठवडे. आठवड्याला पाच तासिका असलेल्या विषयाला वर्षात १२५ तासिका. बस्स.

हा आकडा कार्डशीटवर वर मोठ्या अक्षरात लिहा. आता पुस्तकातले धडे त्यात बसवून बघा, काय एकत्र करावं लागेल आणि कुठे हात आखडता घ्यावा लागेल ते लगेच दिसतं. शनिवारची शाळा अर्धी असते, तिथे नवीन घटक सुरू करू नका.

ते राखीव २० दिवस कोणी मागितले तरी देऊ नका. नियोजनात त्यांना "उजळणी व पूरक अध्यापन" असं नाव द्या. रिकामे दिसले की त्यात कसली तरी मोहीम येऊन बसते.

५. क्रम लावा

पुस्तकाचा क्रम पाळायलाच हवा असं नाही. तीन गोष्टी बघून रंगीत चिठ्ठ्या फिरवा.

एक, कशाच्या आधी काय लागतं. हातचा समजायला दशक-एकक पक्कं लागतं, परिच्छेद लिहायला आधी तोंडी सांगता यावं लागतं.

दोन, ऋतू. पाणी आणि पाऊस जूनमध्ये, पिकं आणि किडे पावसाळ्यात, आकाश आणि तारे दिवाळीनंतर, कारण जुलैत वर बघून ढगच दिसणार. ज्वारीच्या भागात हुरड्याच्या दिवसांत शेतावर न्या. भातशेतीच्या भागात लावणी शाळा सुरू झाल्यावर लगेच येते, ती चुकली की वर्षभर परत नाही.

तीन, एकच गोष्ट परत परत यावी पण दर वेळी थोडी खोल. अपूर्णांक एकदा ऑगस्टमध्ये भाकरीचे समान भाग करून, परत नोव्हेंबरमध्ये पट्टीवर, परत फेब्रुवारीत अंकांत. सलग पंधरा दिवस अपूर्णांक घेऊन संपवलेला वर्ग दोन महिन्यांनी कोरा असतो.

६. एक घटक पूर्ण बांधून बघा

इथे मी जरा सविस्तर सांगतो कारण कागदावरचं खरं काम हेच आहे. तिसरीचा घटक, आठवडी बाजार, दोन आठवडे, गणित, मराठी आणि परिसर अभ्यास एकत्र.

*काय यायला हवं :* मूल पाव, अर्धा, पाऊण, एक किलो ओळखतं आणि ग्रॅममध्ये सांगतं. २०० रुपयांत पाच वस्तूंची यादी करून उरलेले पैसे काढतं. अनोळखी मोठ्या माणसाला तीन प्रश्न विचारून उत्तरं स्वतःच्या शब्दात सांगतं. एखादी भाजी कुठून आली ते सांगतं.

*पुरावा :* मुलाने स्वतः लिहिलेली खरेदीची यादी आणि हिशोब; आणि मुलाखतीबद्दल तोंडी दोन मिनिटं.

*अनुभव :* पहिले तीन दिवस वर्गात तराजू, वजनं आणि दगड, कांदे, वह्या, पिशवीतलं काहीही तोलायचं, पण आधी अंदाज बोलून दाखवायचा. मग प्रश्न तयार करायचे. मग बाजार. परत आल्यावर वर्गात बाजार मांडायचा, नकली नोटा, पाट्या, ओरडणं सगळं. शेवटी लेखन.

बाजारात गेल्यावर जे घडलं त्याने घटकच बदलला. आम्ही वजनाची तयारी करून गेलो आणि तिथे निम्मा माल वजनावर नव्हताच. कोथिंबीर जुडीवर, केळी डझनावर, आणि कडेला बसलेल्या आजींकडे मिरच्यांचे वाटे. एका मुलीने आजींना विचारलं, "तुम्ही तोलत का नाही?" आजी म्हणाल्या, "तोलायला काटा लागतो, बाळा. माझा हातच काटा." परत येऊन मुलांनी शाळेत वाटे लावून तोलून बघितले, किती सारखे होतात ते. मोजमाप, प्रमाणित आणि अप्रमाणित एकक, अंदाज, जे पुस्तकात दोन पानांवर कोरडं येतं ते सगळं त्या एका प्रश्नातून आलं. म्हणून घटकात एक-दोन तासिका मुद्दाम मोकळ्या सोडा, मुलं काय विचारतील ते आधी ठरवता येत नाही.

*काळजी :* गर्दी वाढायच्या आत, सकाळी लवकर जा, विक्रेत्यांना आदल्या आठवड्यात भेटून विचारा, पालकांची लेखी परवानगी घ्या, दहा मुलांमागे एक मोठं माणूस. पालकांपैकीच कोणी भाजी विकत असेल तर त्यांना वर्गात बोलवा, त्यांच्या मुलाचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा असतो.

पूर्ण वर्षाचे सगळे घटक एवढ्या तपशिलात लिहू नका. दर सत्रात दोन-तीन असे मोठे घटक, बाकीचे अर्ध्या पानात.

७. साहित्य

पुस्तक हे एक साधन, अभ्यासक्रम त्याच्यापेक्षा मोठा. तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक बालभारतीने जिल्हावार काढलं होतं ते याचसाठी, मुलाने आधी आपली नदी, आपला डोंगर ओळखावा. तुम्ही एक पाऊल पुढे जा आणि गावाचा नकाशा मुलांकडून काढून घ्या. खर्चाचं काही नाही : जुनी बिलं, एसटीची तिकिटं, बियांच्या डब्या, जुनं कॅलेंडर, पंचायतीतून पावसाची आकडेवारी. घटकासमोर साहित्य आणि ते कोण आणणार त्याचं नाव लिहा. नाव नसलेलं साहित्य येत नाही.

८. टाचण आणि तपासणी

भीती वाटते ती इथे, साहेब आले तर? अनुभव असा की प्रत्येक घटकासमोर निष्पत्तीचा क्रमांक, तासिका आणि पुस्तकातलं पान लिहिलेलं असेल तर क्रम बदलल्याबद्दल कोणी अडवत नाही. उलट विचारतात, हे कसं केलं. क्रमांक नसेल तर मात्र चांगला उपक्रमही "पुस्तक सोडून काहीतरी" वाटतो. रोजच्या टाचणात (शिकवण्याच्या नोंदवहीत) मोठं लिहू नका : आज काय केलं, कोणाला आलं, कोण अडकलं, उद्या काय. चार ओळी, पण त्याच दिवशी.

९. बदलत राहा

सहामाहीनंतर सगळ्या शिक्षकांनी अर्धा दिवस बसायचं, कार्डशीट समोर. तारेवाल्या प्रत्येक निष्पत्तीसमोर किती मुलांना आलं तो आकडा लिहायचा, आणि जिथे निम्म्याहून कमी असेल तिथे राखीव दिवसांतले दिवस टाकायचे. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही हा कागद ठेवा, पालकांना सोप्या भाषेत कळतं की गुणांपलीकडे मुलाला काय येतंय.

द्विशिक्षकी शाळा असेल आणि पाच इयत्ता दोघांत असतील तर हे सगळं एकदम करायला जाऊ नका. पहिल्या वर्षी फक्त परिसर अभ्यास घ्या, तिसरी-चौथी एकत्र बसवा, घटक एकच आणि पुराव्याच्या पातळ्या दोन : तिसरीचं मूल बाजारातली यादी करेल, चौथीचं त्याच यादीवरून दोन दुकानांच्या भावाची तुलना करेल. बाकीचे विषय त्या वर्षी जुन्या फाईलप्रमाणे चालू द्या. दुसऱ्या वर्षी गणित घ्या, तोवर दिवसांचा हिशोब आणि चिठ्ठ्या फिरवायची सवय दोघांनाही झालेली असते.